इफिस, २२ जून ४३१ : एका दिवसात उरकलेला खटला

इ.स. ४३१, जूनची २२ तारीख, सोमवार. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या इफिस शहरात मरियेच्या नावाच्या मोठ्या चर्चमध्ये दीडशेहून जास्त बिशप सकाळी जमले आणि अंधार पडायच्या सुमाराला बाहेर आले. मधल्या वेळात त्यांनी रोमन साम्राज्याच्या राजधानीच्या आर्चबिशपला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या नेस्टोरियसला, पदावरून काढून टाकलं होतं. आरोपी सभेत हजर नव्हता. त्याची बाजू मांडू शकणारे पूर्वेकडचे बिशप अजून वाटेत होते. सम्राटाचा प्रतिनिधी सभा घेऊ नका म्हणून सांगत होता. तरीही निकाल लागला आणि टिकला. तो का टिकला, हा या प्रकरणातला खरा प्रश्न.

हे सगळं सत्तेचं राजकारण होतं, धर्मसिद्धान्त हे नुसतं निमित्त, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. वाद खरा होता. पण इफिसमध्ये निवाडा वादाचा झाला नाही, माणसाचा झाला. वाद दोन वर्षांनी मिटला, तोही हरलेल्या बाजूने लिहिलेल्या मजकुरावर.

जुनं वैर

चौथ्या-पाचव्या शतकात पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगात इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया आणि सिरियातलं अँटिओक ही दोन जुनी, वजनदार धर्मपीठं होती. कॉन्स्टँटिनोपल त्या मानाने कालचं. पण तिथे सम्राट राहत होता. ३८१ च्या परिषदेने ठराव केला की कॉन्स्टँटिनोपल हे 'नवं रोम' असल्यामुळे तिथल्या बिशपचा मान रोमच्या खालोखाल राहील. अलेक्झांड्रियाला हे कधीच पचलं नाही. इजिप्तचं धान्य राजधानीला पोसणार आणि मानाच्या रांगेत इजिप्तचाच बिशप एक पायरी खाली!

४०३ मध्ये अलेक्झांड्रियाच्या थिओफिलसने राजधानीजवळ एक परिषद भरवून कॉन्स्टँटिनोपलच्या जॉन क्रिसोस्टमला पदच्युत केलं होतं. जॉन मूळचा अँटिओकचा. थिओफिलसबरोबर त्याचा तरुण पुतण्याही तिथे होता. तोच सिरिल. ४१२ मध्ये काकाच्या जागी तो अलेक्झांड्रियाचा बिशप झाला, आणि राजधानीत बसलेल्या परक्या आर्चबिशपला परिषद भरवून कसं उतरवायचं, हे तो जवळून बघून आलेला होता.

नेस्टोरियसही अँटिओककडचाच, तिथल्या मठातला नावाजलेला प्रवचनकार. राजधानीतल्या धर्मगुरूंच्या गटांमध्ये स्थानिक नावावर एकमत होईना, म्हणून सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने बाहेरचा माणूस आणला. १० एप्रिल ४२८ ला त्याची नेमणूक झाली. त्या काळाचा इतिहासकार सॉक्रेटिस सांगतो की पहिल्याच प्रवचनात त्याने सम्राटाला उद्देशून म्हटलं, "पाखंड्यांपासून साफ केलेली पृथ्वी मला द्या, मी तुम्हाला स्वर्ग देतो. पाखंड्यांना संपवायला मला मदत करा, मी तुम्हाला इराण्यांना हरवायला मदत करतो." पाचव्या दिवशी त्याची माणसं एरियन पंथीयांचं, म्हणजे ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणाऱ्यांचं, प्रार्थनागृह पाडायला गेली. एरियनांनी स्वतःच त्याला आग लावली, ती शेजारच्या घरांत पसरली आणि नव्या आर्चबिशपला शहराने 'आगलाव्या' हे नाव ठेवलं. पुढे ज्याच्यावर पाखंडाचा शिक्का बसला, त्याची सुरुवात ही अशी. त्याच्याबद्दल सहानुभूती वाटते, पण ती जपूनच वाटू द्यावी.

वाद कशाचा

ठिणगी पडली ती नेस्टोरियसने अँटिओकहून आणलेल्या अनास्तासियस नावाच्या धर्मगुरूच्या प्रवचनातून. मरियेला कोणी 'थिओटोकॉस', म्हणजे देवाला जन्म देणारी, म्हणू नये, असं तो बोलला. मरिया माणूस होती आणि माणसाच्या पोटी देव जन्मत नाही, हे त्याचं कारण. हा शब्द लोकांच्या प्रार्थनेत रुळलेला होता. चर्चमध्ये गोंधळ झाला. नेस्टोरियसने आपल्या माणसाला आवरण्याऐवजी त्याची पाठराखण केली आणि मधला शब्द सुचवला, 'ख्रिस्टोटोकॉस', ख्रिस्ताला जन्म देणारी.

अँटिओकच्या विचारपरंपरेला भीती होती ती देवत्वाला कमीपणा येण्याची. येशूला भूक लागली, तो रडला, तो मेला. हे सगळं देवाच्या स्वरूपालाच चिकटवलं तर देव बदलणारा, दुःख भोगणारा ठरतो. म्हणून ख्रिस्तातलं दैवी आणि मानवी स्वरूप वेगवेगळं ओळखता आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. अलेक्झांड्रियाची भीती उलटी होती. दोन स्वरूपं फार लांब नेली तर बेथलेहेमात जन्मला तो देव नव्हता, देवाने जवळ केलेला एक भला माणूस होता, असं होऊन बसेल. मग क्रुसावरच्या मरणाने तारण कसं होणार? वेदीवर भाकरीच्या रूपात मिळणारं ख्रिस्ताचं शरीर जीवन कसं देणार? सिरिलच्या पत्रांत हा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो आणि तो मनापासूनचा आहे. गंमत अशी की 'देहधारी झालेल्या शब्दाचं (म्हणजे ख्रिस्ताचं) एकच स्वरूप' हे सिरिलचं आवडतं वाक्य तो अलेक्झांड्रियाच्या जुन्या बिशपचं, महान अथेनेशियसचं समजत होता. ते होतं अपोलिनारिसचं, म्हणजे ज्याला आधीच पाखंडी ठरवलं होतं त्याचं. कोणीतरी अथेनेशियसच्या नावावर ते खपवलं होतं.

राजधानीतही नेस्टोरियसने शत्रू कमी केले नाहीत. प्रोक्लस या धर्मगुरूचं नाव आर्चबिशपपदासाठी आधी चर्चेत होतं. त्याने नेस्टोरियससमोरच मरियेच्या स्तुतीचं प्रवचन केलं आणि टाळ्या घेतल्या. युसेबियस नावाच्या वकिलाने तर नेस्टोरियसची वाक्यं आणि तिसऱ्या शतकातल्या एका पाखंडी बिशपची वाक्यं शेजारीशेजारी मांडून त्याचं पत्रक शहरात लावलं. सम्राटाची बहीण पुल्केरिया आजन्म कुमारी राहण्याची शपथ घेतलेली, दरबारात वजन असलेली. तिचंही नव्या आर्चबिशपशी पटलं नाही.

आता सिरिलच्या बाजूची एक गोष्ट, जी बऱ्याच वर्णनांत गाळली जाते. अलेक्झांड्रियातले काही लोक त्याच्याविरुद्ध तक्रारी घेऊन राजधानीत पोचले होते. म्हणजे सिरिलवरच खटला चालण्याची शक्यता होती आणि न्यायाधीशाच्या जागी असता नेस्टोरियस. फेब्रुवारी ४३० च्या सुमाराच्या पत्रात सिरिल या तक्रारदारांचा समाचार घेतो. एकाने आंधळ्यागरिबांवर अन्याय केला, दुसऱ्याने आईवर तलवार उपसली, तिसरा एका दासीच्या मदतीने सोनं चोरणारा. हे सांगून तो थेट निकियाच्या श्रद्धासूत्राच्या, म्हणजे ३२५ च्या परिषदेने ठरवलेल्या श्रद्धेच्या मजकुराच्या, विवरणाकडे वळतो. हेच पत्र पुढे इफिसमध्ये शुद्ध श्रद्धेचं माप म्हणून मतदानाला ठेवलं गेलं.

रोमला आपल्या बाजूने वळवणं सिरिलला फार जड गेलं नाही. पश्चिमेत दोषी ठरलेले काही पेलेजियन (माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं मानणारे) बिशप राजधानीत आश्रयाला आले होते. त्यांचं काय करायचं, असं नेस्टोरियसने पोप सेलेस्टिनला विचारलं. रोमने निकाल दिलेला असताना हा प्रश्न विचारणंच रोमला झोंबलं. शिवाय त्याची पत्रं ग्रीकमध्ये. सिरिलने मात्र आपली कागदपत्रं लॅटिन भाषांतरासह पाठवली. ऑगस्ट ४३० मध्ये रोमच्या सभेने नेस्टोरियसला दोषी धरलं. निरोप मिळाल्यापासून दहा दिवसांत मत मागे घे, नाहीतर बहिष्कार. हा निरोप पोचवण्याचं काम दिलं सिरिलकडे. त्याने त्यात स्वतःची भर घातली. बारा कलमं, प्रत्येकाच्या शेवटी 'असं न मानणारा शापित असो'. रोमने ही कलमं मागितली नव्हती, आणि ती इतकी कडक होती की नेस्टोरियसवर नाराज असलेले अँटिओकचे बिशपही बिथरले.

तोवर सम्राटाने १९ नोव्हेंबर ४३० ला महापरिषद बोलावली होती. स्थळ इफिस, मुहूर्त पुढच्या वर्षीचा पेंटेकॉस्ट, म्हणजे ईस्टरनंतरचा पन्नासाव्या दिवसाचा सण, ७ जून. सोबत सिरिलला झापणारं पत्र. त्याने सम्राटाला वेगळं आणि राण्या-राजकन्यांना वेगळं पत्र लिहिलं होतं. आमच्या घरात फूट आहे असं तुला वाटलं, की ती पाडायची तुझी इच्छा आहे, असा सम्राटाचा सूर.

इफिस

हे शहर बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत येतं ते अर्तमी देवीच्या जयघोषासाठी. पौलाच्या विरोधात जमाव नाट्यगृहात दोन तास ओरडत राहिला होता. जवळजवळ चारशे वर्षांनी गर्दी मरियेच्या नावाने ओरडत होती. स्थानिक बिशप मेम्नन पूर्णपणे सिरिलच्या बाजूचा, कारण कॉन्स्टँटिनोपलची आशिया प्रांतातली ढवळाढवळ त्याला नको होती. त्याने शहरातली सगळी चर्चेस नेस्टोरियसला बंद केली. नेस्टोरियसबरोबर सोळा बिशप आणि सम्राटाने दिलेले शिपाई. सिरिलबरोबर जवळजवळ पन्नास इजिप्ती बिशप, शिवाय मठवासी आणि खलाशी.

अँटिओकचा मुख्य बिशप जॉन आणि त्याचे बिशप मात्र आले नाहीत. खुष्कीचा लांब रस्ता, वाटेत जनावरं मेली. पाच-सहा दिवसांत पोचतो असं त्याचं पत्र आलं. त्याच्या दोन बिशपांनी येऊन सांगितलं की उशीर झालाच तर पुढे चला, असं जॉनचंच म्हणणं आहे. निदान सिरिलने त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा लावला. उन्हाळा, गर्दी, काही बिशप आजारी, काही दगावलेले. थांबणं खरंच अवघड होतं. तरी २१ जूनला ६८ बिशपांनी सभा उघडायला लेखी हरकत घेतली. सह्या करणाऱ्यांत सायरसचा थिओडोरेट हा त्या पिढीतला मोठा विद्वान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्राटाचा प्रतिनिधी काउंट कँडिडियन चर्चमध्ये आला आणि सगळे जमेपर्यंत थांबा म्हणाला. बिशप म्हणाले, सम्राटाची आज्ञा काय आहे ते तरी ऐकवा. आज्ञापत्र त्याला वाचायचं नव्हतं, पण आग्रह इतका झाला की त्याने ते वाचलं. वाचून होताच सम्राटाचा जयजयकार झाला, आज्ञापत्र वाचलं म्हणजे परिषद रीतसर सुरू झाली असं ठरलं, आणि काउंटसाहेबांना बाहेर घालवण्यात आलं. हे त्याने स्वतःच चार दिवसांनी सांगितलं आहे. ज्याच्या हाती सभा थांबवण्याचा अधिकार, त्याच्याच तोंडून सभेचं उद्घाटन करवून घेतलं!

मग कामकाज. अध्यक्षस्थानी सिरिल, रोमच्या पोपचा प्रतिनिधी म्हणूनही तोच. प्रकरण मांडायला उभा राहिला पीटर, अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आणि लेखनिकांचा प्रमुख. आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्ष, तक्रारदार आणि इतिवृत्त लिहिणारा एकाच घरातले निघाले तर सभासद काय म्हणतील, ते सांगायला नको. नेस्टोरियसला बोलावणी गेली. सगळे बिशप जमले की येईन, हे त्याचं उत्तर. तिसऱ्या वेळी दारावरच्या शिपायांनी बिशपांना आतच येऊ दिलं नाही. तीन बोलावणी झाली म्हणजे नियम पाळला गेला, आणि आरोपीच्या गैरहजेरीत पुढे जायला वाट मोकळी.

निकियाचं श्रद्धासूत्र वाचलं गेलं, मग सिरिलचं ते पत्र. सिरिलने स्वतःच विचारलं, माझं पत्र निकियाला धरून आहे की नाही? एकेक बिशप उठून 'आहे' म्हणाला. शंभरावर मतं अशी एकेक नोंदवली आहेत. सलग वाचताना कंटाळा येतो, पण तो कंटाळाच पुराव्याचं काम करतो. मग नेस्टोरियसचं उत्तर वाचलं गेलं आणि त्यावर शापांचा आरडाओरडा. बारा कलमंही वाचली गेली, पण त्यांच्यावर मत घेतलं गेलं नाही. सिरिल कुठे थांबायचं हे ओळखत होता. दोन बिशपांनी साक्ष दिली की नेस्टोरियस खासगीत म्हणाला, दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही. तो नेमकं काय म्हणाला हे त्याच्या तोंडून ऐकायला कोणी नव्हतं. निकालपत्राखाली शेवटी १९७ सह्या झाल्या. त्याला पाठवलेल्या पत्राचा मायना, 'नव्या यहूदास नेस्टोरियसला'. यहूदा म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. बिशप बाहेर पडले तेव्हा दिवसभर थांबलेल्या लोकांनी त्यांना मशालींच्या उजेडात मुक्कामी पोचवलं. बायका धूप घेऊन पुढे चालत होत्या, असं सिरिल कौतुकाने घरी कळवतो. ही गर्दी भाड्याची नव्हती. सिरिलच्या बाजूला लोक होते, हे नेस्टोरियसला शेवटपर्यंत उमजलं नाही.

२६ जूनला जॉन पोचला. प्रवासाची धूळ झटकायच्या आतच मुक्कामाच्या जागी त्याने चाळीस-पन्नास बिशपांची स्वतःची परिषद भरवली आणि सिरिल व मेम्ननला पदच्युत केलं. म्हणजे घाई आणि एकतर्फी निकाल ही काही सिरिलची मक्तेदारी नव्हती. जुलैत रोमचे तीन प्रतिनिधी आले आणि सिरिलच्या सभेला जाऊन मिळाले. सिरिलच्या सभेने जॉनला बहिष्कृत केलं. ऑगस्टमध्ये सम्राटाचा नवा अधिकारी आला आणि त्याने कमालच केली. दोन्ही परिषदांचे निकाल मान्य केले! नेस्टोरियस, सिरिल, मेम्नन तिघेही पदच्युत आणि तिघेही नजरकैदेत.

इथून पासा फिरला तो राजधानीत. इफिसमधल्या सिरिलच्या बाजूच्या बिशपांची पत्रं अडवली जात होती, म्हणून त्यांनी एक पत्र भिकाऱ्याच्या पोकळ काठीत घालून पाठवलं. ते वाचून डालमेशियस हा वृद्ध मठाधिपती, जो चाळीसहून जास्त वर्षं मठाबाहेर पडला नव्हता, मठवासींचा जथा घेऊन स्तोत्रं गात राजवाड्यावर गेला. सम्राट नरमला. नेस्टोरियसने स्वतःच अँटिओकजवळच्या मठात परत जाण्याची तयारी दाखवली होती, ती लगेच स्वीकारली गेली. ऑक्टोबरअखेर राजधानीत मॅक्सिमियन हा नवा आर्चबिशप बसला आणि सिरिल अलेक्झांड्रियाला परतला.

सोनं, गालिचे आणि तह

सिरिलच्या लाचेची जी प्रसिद्ध यादी आहे, ती बहुतेक ठिकाणी इफिसच्या हिशेबात मांडली जाते. ती इफिसची नाही. ती आहे नंतरच्या, तहाच्या वाटाघाटींच्या काळातली. सिरिलचा आर्चडीकन, म्हणजे मुख्य मदतनीस, एपिफेनियस याने मॅक्सिमियनला लिहिलेल्या पत्राला ती जोडलेली आहे. पुल्केरियाने नेट लावावा आणि विरोध करणारा राजवाड्यातला खोजा क्रिसेरोस याच्या जागी दुसरा नेमला जावा, अशी विनंती पत्रात आहे. यादीत कोणाला काय पाठवलं ते नावानिशी. राणीवशातल्या मार्सेला आणि द्रोसेरिया या दोन दासींना पन्नास-पन्नास पौंड सोनं. क्रिसेरोसला २०० पौंड, कारण त्याने विरोध थांबवावा म्हणून दुप्पट पाठवणं भाग पडलं. शिवाय पडदे, गालिचे, टेबलावर अंथरायची वस्त्रं, हस्तिदंती खुर्च्या. सोन्याचीच बेरीज सुमारे १,०८० रोमन पौंड, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास. त्यासाठी १,५०० पौंड सोनं कर्जाऊ काढावं लागल्याचं आणि चर्च उघडं पडल्याचं गाऱ्हाणंही पत्रात आहे.

हे पत्र सिरिलच्या विरोधकांनी जपून ठेवलं म्हणूनच आपल्यापर्यंत आलं, तरी अभ्यासक ते खरं मानतात. दरबारात भेटी नेणं ही तेव्हाची रीतच होती आणि त्यांना 'आशीर्वाद' म्हणत. अर्थात पन्नास पौंडांचा आशीर्वाद दासीला मिळत असेल तर रीत बरीच ताणली होती.

पण हे सोनं कशासाठी खर्च झालं? आपला सिद्धान्त लादण्यासाठी नव्हे. सम्राटाला दोन्ही पीठांत समेट हवा होता आणि अँटिओकची मागणी होती की सिरिलने बारा कलमं मागे घ्यावीत. ती मागे घ्यावी लागू नयेत, एवढ्यासाठी. ४३३ मध्ये समेट झाला. त्याच्या सूत्रात ख्रिस्ताची दोन स्वरूपं आणि त्यांचं मिश्रण न होता झालेलं ऐक्य असे शब्द आहेत, जे अँटिओकचे. मरिया 'थिओटोकॉस' आहे असंही आहे, जे सिरिलला हवं होतं. बारा कलमांचा उल्लेखच नाही. आणि हा मसुदा आला कुठून? मूळ स्वरूपात तो ४३१ च्या उन्हाळ्यात इफिसमध्ये जॉनच्या बिशपांनीच तयार केलेला होता. सिरिलने त्यावर 'आकाश हर्ष करो' असं सुरू होणारं आनंदाचं पत्र लिहिलं.

मोबदला एकच. जॉनने नेस्टोरियसची पदच्युती मान्य करायची. त्याने केली. दोन्ही बाजूंना एकमेकांचे शब्द चालले, पण मधल्या माणसाला परत आणायला कोणी तयार नव्हतं. इफिसचा निकाल टिकला तो त्यातल्या धर्मशास्त्रामुळे नाही. तो मोडला तर रोमची, अलेक्झांड्रियाची, राजधानीतल्या मठांची आणि १९७ सह्या करणाऱ्यांची नाचक्की होणार होती. तो ठेवला तर फक्त एका माणसाचं नुकसान होतं, ज्याने आपलं पद आधीच सोडलं होतं. थिओडोरेट बराच काळ नेस्टोरियसला शाप द्यायला तयार नव्हता. ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेत बिशपांनी आरडाओरडा करून त्याच्याकडून तो वदवून घेतला, तेव्हाच त्याचं बिशपपद मान्य झालं.

४३५ मध्ये सम्राटाने नेस्टोरियसची पुस्तकं जाळण्याचा हुकूम काढला आणि त्याला मठातून उचलून शेवटी इजिप्तच्या वाळवंटातल्या मोठ्या ओॲसिसमध्ये धाडलं, सिरिलच्याच मुलखात. तिथे ब्लेमी टोळ्यांच्या धाडीत तो पकडला गेला, सुटला, आणि मी पळालो नाही, हे स्थानिक अधिकाऱ्याला पत्र लिहून पटवत राहिला. खाल्सेदोनच्या सुमारास तो मेला. त्याचं आत्मसमर्थन सिरियाक भाषांतरात कुर्दिस्तानच्या डोंगरात टिकून राहिलं आणि १९१० मध्ये छापलं गेलं. त्यात आपण दोन ख्रिस्त कधीच मानले नाहीत, हे तो तळमळून सांगतो.

त्याचं नाव मात्र ज्या चर्चला चिकटलं, ते त्याने स्थापलेलं नव्हतं. इराणच्या साम्राज्यातलं पूर्वेकडचं चर्च इफिसच्या आधीपासून स्वतंत्र वागत होतं. त्याने नेस्टोरियसला संत मानलं आणि विरोधकांनी त्याला 'नेस्टोरियन' म्हटलं. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस लिहितो की कल्लियाना इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बरेच अभ्यासक हे ठाण्याजवळचं आपलं कल्याण मानतात. मलबारचे ख्रिस्तीही शतकानुशतकं याच चर्चकडून बिशप घेत. जून १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस केरळात उदयंपेरूरला गेला, धर्मसभा भरवली, नेस्टोरियसला शाप द्यायला लावला, त्याचं नाव उपासनेतून काढलं आणि सिरियाक पुस्तकं दुरुस्तीसाठी किंवा जाळण्यासाठी जमा करवली. ही सभाही बरीचशी आधी ठरवलेल्या मसुद्यावरच चालली. इफिसला तोवर साडेअकराशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती.

११ नोव्हेंबर १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि असिरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. मरियेला 'देवाची माता' म्हणणं आणि 'ख्रिस्ताची माता' म्हणणं, दोन्ही रास्त आणि एकाच श्रद्धेतले, असं त्यात मान्य केलं आहे. जुन्या काळी व्यक्तींवर आणि सूत्रांवर जे शाप उच्चारले गेले, त्यांतून आलेल्या फुटी मुख्यतः गैरसमजांतून होत्या, असंही त्यात म्हटलं आहे. सूत्रांपुरतं ते मान्य करता येईल. पण २२ जूनला चार दिवस न थांबण्यात काही गैरसमज नव्हता. जॉन पोचला तर मतं फुटतील हे सिरिलला ठाऊक होतं, आणि नेस्टोरियसलाही.